भात्याच्या आतली चिठ्ठी

लिहून ठेवते की, मी, वय वर्षे सत्तर पूर्ण, छापखान्याच्या बांधणी खात्यातून निवृत्त, राहणार कामगार सोसायटी, दुसरा मजला, उजवीकडचे दार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डॉक्टरांनी काल तपासून डोके शाबूत असल्याचा दाखला दिला, तो सोबत टाचला आहे. तो वाचून माझे पती म्हणाले, "डोक्याबद्दल शंका होती कुणाला?" कुणालाच नव्हती. शंका माझ्या स्वभावाबद्दल आहे, आणि त्याचा दाखला डॉक्टर देत नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही, धमकावलेले नाही. याआधी एकदा मृत्युपत्र करायला बसले होते, पण तेव्हा फार रागात होते आणि अक्षर वाचता येईना. राग आजही तेवढाच आहे. अक्षर सुधारले आहे.

कलम १. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर असून ते माझ्या पगारातून घेतलेले आहे. माझ्या पश्चात माझ्या पतींना या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील. त्यांना कोणी हलवू नये. त्यांच्यानंतर घर आमच्या एकुलत्या एक मुलीचे. मुलीने वडील हयात असताना दलालांना घर दाखवायला आणू नये. मागच्या खेपेला आली तेव्हा ती खिडकीची रुंदी मोजत होती. पडद्यासाठी, म्हणाली. या घराला तिने आजवर कधी पडदा आणलेला नाही.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे तीन दाभणे, दोन सुऱ्या, शिवणीची लाकडी चौकट, सरस तापवायचे भांडे आणि पुस्तके दाबायचा लोखंडी दाब, ही बांधणी खात्यात अजून हाताने शिवणाऱ्या दोघीजणींना द्यावीत. कोणाला काय, ते त्यांनी आपसांत ठरवावे. भांडतील. भांडू द्या, हत्यारे चांगली आहेत.

कलम ३. आता अकॉर्डियन. त्याची व्यवस्था सांगण्याआधी ते माझे कसे, हे लिहिणे भाग आहे, कारण माझे दीर त्यावर हक्क सांगतील.

छापखान्याच्या कँटीनमध्ये दर रविवारी सकाळी आमच्या लोकांचा वाजवायचा ताफा बसे. सगळे हौशी. शेताबांधावरची, नावाड्यांची, पाळण्याची जुनी गाणी वाजवत. कोणाच्या लग्नात, कोणाच्या निवृत्तीला बोलावणे आले की जात. माझे पती तेव्हा छपाईचे खिळे जुळवण्याच्या कामाला होते आणि ताफ्यात व्हायोलिन वाजवत. बांधणी खात्याचे मुकादम अकॉर्डियन वाजवत. मी चहा ओतत असे.

एका रविवारी कोणीतरी विषय काढला, की कोणतेही वाद्य मिळणार असेल तर कोणते घ्याल? मग काय, सगळ्यांना कंठ फुटला. मशीनवाल्याला क्लॅरिनेट हवे होते. शाई खात्यातल्या माणसाला मँडोलिन. गेटवरच्या पहारेकऱ्याला गळ्यात अडकवायचा मोठा ढोल हवा होता, "म्हणजे बायको दोन गल्ल्या पलीकडून ओळखेल, मी येतोय म्हणून." माझे पती म्हणाले, त्यांना जुन्या लाकडाचे व्हायोलिन हवे, नव्या लाकडाला बोलता येत नाही. सगळे बोलून झाले. मी कप गोळा करत होते. मुकादम म्हणाले, "आणि हिला कोणी विचारलं का? काय गं, तुला काय हवं?"

मी म्हटले, "तुमचंच."

लोक हसले. माझे पती सगळ्यांत मोठ्याने हसले. मुकादम हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या भोंग्यानंतर त्यांनी मला थांबवून घेतले. अकॉर्डियनचा भाता फाटत आला होता, घड्यांच्या कोपऱ्यांतून वारा जायचा. म्हणाले, "पुठ्ठा, कापड, चामडं, सरस. पुस्तक बांधतेस तसाच हा बांधायचा. तू भाता शीव, मी तुला वाजवायला शिकवतो."

मी तो भाता नवा शिवला. सोळा घड्या. कोपऱ्यांना मेंढीचे पातळ चामडे. त्यानंतर दोन वर्षे भोंग्यानंतर अर्धा तास मी शिकले. घरी वाद्य नव्हते, म्हणून पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून आखल्या आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर तो पुठ्ठा ठेवून बोटे चालवली. पती विचारीत, "हे काय, मुक्याचं गाणं?" मी बोटे चालवत राही. पुठ्ठ्यावर मला सगळे ऐकू येत होते.

मुकादमांनी शब्द दिला होता की निवृत्त होताना वाद्य मला देतील. त्यांचे डोळे अधू झाले होते, बोटे कापत होती आणि त्यांच्या एकुलत्या मुलीला वाजवण्यात रस नव्हता. ते निवृत्त झाले त्या आठवड्यात मी दवाखान्यात होते. मुलगी झाली, पण मला ताप चढला आणि बारा दिवस ठेवून घेतले. घरी आले तेव्हा अकॉर्डियन माझ्या दिराच्या खांद्याला होते. पतींनी सांगितले, "मुकादमांनी विकायला काढलं. धाकट्याने घेतलं. घरातच राहिलं ना शेवटी?"

मी विश्वास ठेवला. हे इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण माझी चूक तेवढीच आहे आणि ती लहान नाही.

पुढे दोनेक महिन्यांनी मुकादम त्यांच्या पेन्शनच्या कागदांसाठी छापखान्यात आले. गेटजवळ मला पाहून हाक मारली, "काय गं, वाजतंय का?"

मला वाटले, चेष्टा करताहेत. शब्द मोडला तो मोडला, वर विचारताहेत. मी मान फिरवली आणि आत गेले. ते तिथे किती वेळ उभे होते ते मला पहारेकऱ्याने नंतर सांगितले. मी ऐकून घेतले आणि कामाला लागले. दीड वर्षाने ते वारले. सगळे खाते गेले, मी गेले नाही. पुस्तकांची मोठी खेप आली होती, ती शिवत बसले. मला वाटत होते, मी माझा मान राखला.

दीर सव्वीस वर्षे ते वाद्य ताफ्यात वाजवत राहिले. वाईट वाजवत असे म्हणणार नाही. भाता उघडताना घाई करत, त्यामुळे प्रत्येक गाणे दम लागल्यासारखे वाटे. मी दर रविवारी चहा ओतला.

माझ्या सत्तावन्नाव्या वर्षी दीर वाद्य घेऊन घरी आले. म्हणाले, "वहिनी, भाता गेला. बाहेरचे लोक म्हणतात, असं काम आता कोणी करत नाही. तुम्हीच बघा." ते त्यांनी नव्या पेटीत घालून आणले होते. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बारीक खिळे काढले आणि भाता सुटा केला. आतल्या बाजूला, पहिल्या घडीच्या पोटात, एक कागद चिकटवला होता. आमच्याच खात्यातली कामाची छापील चिठ्ठी, आमच्याच सरसाने. अक्षर मुकादमांचे. जसेच्या तसे उतरवते:

"हे वाद्य बांधणी खात्यातल्या हिला दिले. आज तिच्या घरी पोचवून तिच्या नवऱ्याच्या हाती देत आहे. भाता तिने शिवला आहे, पुढे फाटला तर तीच उघडेल. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात दिसले तर चोरीचे समजावे."

खाली माझे पूर्ण नाव, सही आणि तारीख. तारीख मी दवाखान्यात होते त्या आठवड्यातली.

पती दुपारी जेवायला बसले तेव्हा मी चिठ्ठी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"काय आहे?"

"वाचा. अक्षर ओळखीचं आहे."

त्यांनी वाचले. चष्मा काढला. पुन्हा घातला. मग म्हणाले, "किती वर्षं झाली याला."

"तुम्हाला माहीत होतं."

"अगं, तू दवाखान्यात होतीस. पोर तान्ही. धाकट्याला नोकरी नव्हती, दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. तू वाजवणार होतीस कधी?"

"ते मी ठरवलं असतं. पण मुकादमांनी विकलं असं का सांगितलंत?"

त्यांनी भात चिवडला. मग म्हणाले, "तेव्हा तसं सोपं पडलं."

हे वाक्य मी तेरा वर्षे जपून ठेवले आहे. सोपे पडले. मी एका म्हाताऱ्या माणसाकडे मान फिरवली, तो गेला तेव्हा पुस्तके शिवत बसले, कारण माझ्या नवऱ्याला ते सोपे पडले.

भाता मी दुरुस्त केला. चिठ्ठी काढून घेतली. आठवड्याने दीर आले.

"झालं का, वहिनी?"

"झालं. पण ते इथंच राहील."

मी चिठ्ठी वाचून दाखवली. ते लालबुंद झाले. "सव्वीस वर्षं मी वाजवलंय ते!"

"म्हणून तर फाटलं."

"दादा, तू काही बोलणार आहेस का?" ते भावाकडे वळले. माझे पती खिडकीबाहेर बघत होते. त्यांना तेही सोपे पडले. दीर पोलिसांत जाईन म्हणाले. मी म्हटले, जा, जाताना चिठ्ठीची नक्कल घेऊन जा. ते गेले नाहीत. आमच्याकडे येणेही थांबले. मुलीने फोनवर सांगितले, "आई, सोड ना आता, बाबांचं वय झालंय." माझे वय कोणी मोजले नाही.

मग मी अकॉर्डियन गळ्यात घातले. तोवर चाळीस वर्षे दाभण धरून उजव्या हाताची मधली दोन बोटे वाकली होती. ती सरळ होत नाहीत. तीन बोटांनी जे वाजते ते मी वाजवते. पुठ्ठ्यावर मला जे ऐकू येत होते, ते यात नाही.

कलम ४. दिरांना त्यांची रिकामी पेटी परत करावी. ती त्यांनी स्वतः घेतली होती आणि त्या दिवशी रागाच्या भरात इथेच विसरले. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून घेण्याची या घरातली रीत माझ्यापुरती मी बंद करते.

कलम ५. पट्ट्या आखलेला पुठ्ठा मुलीला द्यावा. लहानपणी ती त्यावर पाटीवर लिहावे तसे लिहायची, तिच्या रेघा अजून आहेत. त्याला बाजारात किंमत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कलम ६. बँकेतली शिल्लक निम्मी पतींना औषधपाण्यासाठी. निम्मी मुकादमांच्या मुलीला. ती दुसऱ्या गावी चष्म्याचे दुकान चालवते. मूळ चिठ्ठीही तिलाच द्यावी. मी तिला एकदा भेटून सगळे सांगितले आहे. ती म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, तिला काहीतरी लागलंय माझं, काय ते कळत नाही." त्यानंतर तिने चहा केला. मी तो तसाच ठेवून निघाले.

कलम ७. माझ्या अंत्यविधीला ताफ्याने वाजवू नये. येऊन उभे राहायला हरकत नाही. "भाता फार सुरेख शिवायच्या" असे कोणी म्हणू लागला तर त्याला थांबवावे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी छापखान्याचे निवृत्त मुद्रितशोधक करतील. माझ्या पतींची साक्षीदार होण्याची इच्छा होती. परंतु ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष देऊ नये, असे खालच्या औषधवाल्यांनी सांगितले. कायदा इतका शहाणा असेल असे मला वाटले नव्हते.

कलम ९. अकॉर्डियन वरच्या मजल्यावरच्या कंडक्टरबाईला द्यावे.

चार वर्षांपूर्वी तिने दार वाजवले. म्हणाली, "खालून आवाज येतो." मला वाटले तक्रार आहे. म्हटले, "बंद करते." तर म्हणाली, "नाही हो. मला शिकायचंय. शाळेत असल्यापासून शिकायचंय."

"वय काय?"

"एकोणपन्नास."

"मग बस. उभं राहून वेळ जातो."

बसची पाळी संपली की ती येते. तिकिटे फाडून तिचा अंगठा दणकट झाला आहे, पट्टीवर पडतो तो हातोडीसारखा. डाव्या हाताची बटणे अजून चुकते. पण तिची पाचही बोटे सरळ आहेत आणि ती भात्याची घाई करत नाही. तिने वाद्य कोणालाही उसने देऊ नये. दुसरी अट नाही. चांगले वाजवावे अशीही अट नाही.

गेल्या मंगळवारी तिने नावाड्यांचे गाणे प्रथमच न अडखळता सुरू केले. अर्ध्यावर आली असेल. माझे पती आतल्या खोलीतून व्हायोलिन घेऊन बाहेर आले. ते खांद्याला लावले आणि साथ द्यायला गज उचलला. कंडक्टरबाई थांबली आणि माझ्याकडे बघू लागली.

मी तिला म्हटले, "तू वाजव." आणि त्यांना म्हटले, "अहो, तुम्ही ऐका."

त्यांनी गज खाली घेतला. बसले नाहीत, आतही गेले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून गाणे संपेपर्यंत उभे राहिले. लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली. या घरात ते ऐकायला उभे राहिलेले मी पहिल्यांदा पाहिले. गाणे संपल्यावर ते काहीतरी बोलणार होते. मी कंडक्टरबाईला म्हटले, "पुन्हा, पहिल्यापासून."

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. पती स्वयंपाकघरात होते, दार उघडे होते. त्यांनीही ऐकला असे धरावे. खाडाखोड नाही. मुद्रितशोधकांनी तीन ठिकाणी शब्द बदलायला सुचवले, मी बदलले नाहीत.

सही (लिहून देणार)

साक्षीदार १: तळमजल्यावरचे औषधवाले. सही.
साक्षीदार २: निवृत्त मुद्रितशोधक. सही. ("कलम ३ मधला 'सोपे पडले' हा शब्दप्रयोग मला अजूनही कडक वाटतो. परंतु खरा आहे.")

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघराचे टेबल.
दिनांक: दाखल्यावरच्या तारखेचा दुसरा दिवस, रविवार, सकाळी साडेदहा. ताफा या वेळी कँटीनमध्ये बसलेला असतो. चहा आज त्यांनी आपला आपण ओतून घ्यावा.