चिकूच्या शेडमध्ये कायझेन

६ जानेवारी, सोमवार
वापीचं दोन दिवसांचं ट्रेनिंग संपलं. सर्टिफिकेट मिळालं. विषय कायझेन, म्हणजे जपानी लोक कामात रोज थोडी थोडी सुधारणा करतात ते. मला हे आधीपासूनच येत होतं, फक्त नाव माहीत नव्हतं.

आमचे मालक नविनभाई चारोटीला चिकूची नवी मोठी शेड टाकताहेत. इनचार्ज कोण, ते महिनाअखेर ठरणार. रानशेतच्या या शेडमध्ये सुपरवायझर मी एकटा, बाकी चिकू धुणाऱ्या-निवडणाऱ्या बाया. म्हणजे ठरल्यातच जमा आहे. घरी बायकोला, वर्षाला, सांगून टाकलं. तिने माहेरी फोन केला.

७ जानेवारी
पहिला नियम: नको ते काढा. नको त्या वस्तूला लाल चिठ्ठी लावायची. एक्केचाळीस चिठ्ठ्या लागल्या. सगळ्यात जास्त घाण टेबलाखाली. फाटकी पोती, जुन्या लुगड्यांचे तुकडे. टेम्पोत भरून पाठवून दिलं.

निवडणाऱ्यांतली लाडकी म्हणाली, धुतलेला चिकू त्यावरच पुसतो आम्ही. मी समजावलं की जपानमध्ये कारखान्यात कोणी फाटकी लुगडी ठेवत नाही. तिने विचारलं, मग तिकडे चिकू कशाने पुसतात? मी म्हणालो, तिकडे चिकू होत नाही. यावर ती परत चिकू निवडायला लागली. मुद्दा पटला असावा.

९ जानेवारी
जमिनीवर पिवळे पट्टे मारले. प्रत्येक वस्तू आपल्या चौकोनात. चिकू सोडून सगळं चौकोनात राहतं. चिकू गोल आहे, त्याला माझा इलाज नाही.

१० जानेवारी
सूचनापेटी लावली. कुलूप माझं, किल्ली माझ्याकडे. शुक्री दिवसभर काहीबाही सुचवत होती: चिकू ओलाच खोक्यात जातोय, नळ उलट्या बाजूला हवा. तिला म्हणालो, तोंडी नको, पेटीत टाक. संध्याकाळी उघडली. आत एक चिकू, एका बाजूने मऊ पडलेला. कोणीतरी प्रेमाने ठेवला असणार. खाल्ला. बरा होता.

१३ जानेवारी
स्टॉपवॉच. लाडकी मिनिटाला अडतीस चिकू निवडते, नुसता हात लावून. मोठा, मध्यम, बारीक, पिकायला आलेला. यात शास्त्र काहीच नाही. मी पुठ्ठ्याला भोकं पाडून साइझ बघायचं साधन दिलं. आता मिनिटाला चौदा. पण प्रत्येक चिकूकडे लक्ष जातंय, हे महत्त्वाचं.

१६ जानेवारी
दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन. साठ खोक्यांत चिकू काळे पडले, खोकी खालून ओली. नविनभाई शांतपणे बोलले. ते शांत बोलतात तेव्हा फार त्रास होतो.

घाबरायचं कारण नाही. अशा वेळी जपानी माणूस पाच वेळा ‘का’ विचारतो. चिकू का सडले? ओले होते. ओले का? पुसले नाहीत. का पुसले नाहीत? कापड नव्हतं. कापड का नव्हतं? टाकून दिलं. पाचवा ‘का’ विचारला नाही. चारांतच पुरेशी माहिती मिळाली.

१८ जानेवारी
लाडकी, हिरी, शुक्री आज गंजाडहून येताना घरची जुनी लुगडी घेऊन आल्या. मला न विचारता. दोन बांबूंमध्ये झोळीसारखं ताणून बांधलं, एक बाजू वर, एक खाली. धुतलेला चिकू वरून सोडला की गडगडत कोरडा होऊन निवडणारीच्या हाताशी येतो. नळही फिरवून घेतला. पुसणारी एक बाई मोकळी झाली.

माझ्या ट्रेनिंगचा परिणाम दिसायला लागला.

२४ जानेवारी
रिपोर्ट तयार, बावीस पानं. ‘सुधारणेनंतर’चा फोटो होता, ‘आधी’चा नव्हता. म्हणून लुगडी दहा मिनिटं सोडायला लावली. हिरी सोडताना काहीतरी पुटपुटली. वारलीत होतं, मी विचारलं नाही.

२९ जानेवारी
नविनभाई वापीच्या ट्रेनरसाहेबांना घेऊन आले. मी प्रस्तावना सुरू केली. साहेब तिसऱ्या वाक्याला झोळीकडे गेले आणि लाडकीला विचारायला लागले. चाळीस मिनिटं. ती चिकू निवडत निवडतच सांगत होती, आमचा पुठ्ठा बाजूला ठेवून. मी माझ्या चौकोनात उभा होतो. रिपोर्ट त्यांनी हातात घेतला, वजन बघितलं आणि नविनभाईंना दिला.

नविनभाईंनी वाचला असता तर गोष्ट वेगळी होती.

३१ जानेवारी
चारोटीची इनचार्ज लाडकी.

वर्षाला सांगितलं की मॅनेजमेंटचं धोरण बदललं. ती म्हणाली, तुमचं जेवण वाढू का? माहेरी काय सांगायचं, ते मीच सुचवावं असं तिचं म्हणणं. उद्या सुचवतो.

खरं लिहायचं तर वाईट वाटलं. अकरा वर्षं झाली मला या शेडमध्ये.

३ फेब्रुवारी
चारोटीला पहिला दिवस. मीही गेलो. लाडकीनेच नविनभाईंना सांगितलं म्हणे, की अमृतभाऊ पाहिजेत, त्यांचं अक्षर चांगलं आहे. आता बाया बोलतील ते मी वहीत लिहायचं. सकाळपासून चार पानं भरली.

दुपारी भाकरी खाताना तिने विचारलं, भाऊ, तुमचं काय म्हणणं? इथे काय बदलू या? मी पेन उघडून बसलो. अकरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. बाया जेवायच्या थांबून माझ्याकडे बघत होत्या, खरंच ऐकायला.

काहीच सुचलं नाही.