टिटवाळ्याचा मदरबोर्ड

७ नोव्हें., शुक्र.
मदरबोर्ड आला. टिटवाळ्याच्या कुणा ओंकारकडून ऑनलाइन घेतलेला, जुनाच, पण प्रोसेसरसकट. बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा पॅक केलेला. सासूबाई म्हणाल्या, "आधी दोन घास खा, तो काही पळून जात नाही." ऐकलं नाही. रॅम बसवली, बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी.
परत दाबलं. काळीच.
गुरुवारी लोपीसबाई येणार. कोपर स्टेशनजवळचं त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे नोकरी सोडल्यानंतरचं माझं पहिलं स्वतःचं काम. भिंत पाडायच्या आधी त्यांना सगळं स्क्रीनवर फिरून बघायचंय, नाहीतर काम भाच्याच्या कॉन्ट्रॅक्टरला जाणार. आणि माझा लॅपटॉप थ्रीडी उघडलं की मान टाकतो.

८ नोव्हें., शनि.
ओंकारला मेसेज केला. उत्तर: "ताई, चालू पीस दिलाय, व्हिडिओ बघा." व्हिडिओत खरंच चालू. म्हटलं, माझ्याकडे नाही चालत, परत घे. "सेकंडहँडला रिटर्न नसतो ताई. तुमच्याकडूनच काहीतरी झालं असणार."
म्हणजे माझ्याकडूनच. इंटिरिअरवालीला स्क्रू पिळता येत नाही असं वाटतं लोकांना. तणतणत रिव्ह्यू टाकला: बंद माल, उर्मट माणूस. बरं वाटलं. चहा होईपर्यंत तेवढं बरं वाटेना.

९ नोव्हें., रवि.
सगळं सुटं करून टॉर्च मारला. रॅमच्या फटीत तांबडं काहीतरी. टूथपिकने हळूच टोकरलं तर कुंकू. आणि अक्षतेचा तुकडा, चक्क. झटकलं, पुसलं, तरी स्क्रीन काळी.
सा.बा. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावतात. मिक्सरला, गीझरला. माझ्या ड्रिल मशीनला तर हार घातलेला. त्यामुळे मी विचारलंच नाही, सरळ म्हटलं, "आई, एवढं तरी सोडायचं होतंत."
"मी त्याला हात लावलेला नाही."
"मग कुंकू काय आपोआप आलं?"
निवडत होत्या ती मेथी तशीच ठेवून आत गेल्या.

१० नोव्हें., सोम.
घरात मौनव्रत. चहा मिळाला, कप आपटून.
कुंकवाचा फोटो ओंकारला पाठवायचा नव्हता, चूक आमच्याच घरातली ना. पण गुरुवार डोक्यावर. शेवटी पाठवला, म्हटलं साफ तरी कसं करायचं सांग. बराच वेळ नुसत्या निळ्या टिक. मग: "ताई, बोर्ड घेऊन घरीच याल का? उद्या सकाळी आहे मी." परवाचा तोरा कुठे गेला कोण जाणे.
सा.बां.ना सांगितलं. आढ्याकडे बघत म्हणाल्या, "मी पण येते. मंगळवार आहे, गणपतीचं दर्शन होईल. आणि त्यालाच विचारते कुंकू कुणाचं ते."

११ नोव्हें., मंगळ.
आधी दर्शन, मग भांडण. क्रम सा.बां.चा.
ओंकार पंचविशीचा, मान खाली घालून दारात. त्याच्या मागून त्याची आई. आम्ही चपला काढायच्या आत म्हणाल्या, "माझंच ते." हा टेप आणायला खाली गेलेला, तेवढ्यात त्यांनी बोर्डाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, वरवर पुसून परत पिशवीत घातला. "ह्याच्यावर शिकला तो, ह्याच्यामुळे नोकरी लागली. घरातून जाताना तसाच कसा पाठवू?"
ओंकार: "मम्मी, मी ताईंशी भांडत होतो तेव्हा तरी सांगायचंस."
"मला काय माहीत त्याला कुंकू बाधतं."
सा.बां.नी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेच जास्त लागलं. त्या बाईंना म्हणाल्या, "बरोबर केलंत. मी पण लावलं असतं. पण नाही लावलं तरी नाव माझंच." मग दोघी आत गेल्या त्या पोहे घेऊनच बाहेर आल्या. तोवर एकमेकींच्या गुडघ्यांची औषधंसुद्धा पाठ.
ओंकारने ब्लोअर मारला, मऊ ब्रश फिरवला, रॅमच्या पट्टीला खोडरबर घासला. पहिल्यांदा काळी. दुसऱ्यांदा उजेड. आम्ही दोघं टाळ्या पिटत ओरडलो. सा.बा. पोह्यांची बशी धरून माझ्याकडे वळल्या, "चालू झाला का गं?" भांडणानंतरचं पहिलं सरळ वाक्य.
रॅमची एक फट अजून मेलेलीच आहे. दुसरा बोर्ड बघतो म्हणाला, तोवर एका रॅमवर भागवा. म्हटलं बघू.

१२ नोव्हें., बुध.
रिव्ह्यू बदलला: "माल चांगला. ओवाळून मिळतो." ओंकारकडून रांगभर हसरे चेहरे.
लोपीसबाईंचं निळं स्वयंपाकघर फिरतंय. ओट्यापासून खिडकीपर्यंत, न अडखळता. खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. केवढा आनंद झालाय, कुणाला सांगू. ज्यांना सांगायचं त्यांनाच सॉरी म्हणायचं राहिलंय. दोनदा आत गेले, पाणी पिऊन परत आले.

१३ नोव्हें., गुरु., सकाळी
लोपीसबाई येतीलच. सकाळी मशीन एकदा रुसलं, मग लागलं. त्यांच्यासमोर काय करेल देव जाणे.
सा.बा. हळदकुंकवाची कुयरी घेऊन दारात. "कॉम्प्युटरच्या डब्याला बाहेरून लावू का? आता विचारून घेते बाई."
टोमणा होता. म्हटलं, "आई, चुकलं माझं. लावा."
त्यांनी आधी माझ्या कपाळाला लावलं, मग त्याला.
बेल वाजतेय. दार उघडायला त्याच गेल्यात.