कुरली चावल्याचा वण

पूर्णगड,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५३

चिरंजीव रावजीस आईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. भात झोडून झालं. गोदीतलं काम सांभाळून कर, ओले कपडे अंगावर ठेवू नकोस. अक्षर वाकडं आहे ते चालवून घे. हे पत्र मास्तरांकडून लिहून घेण्यातलं नाही.

परवा तुझी बायको सगुणा आली होती, भावाला घेऊन. केळशीहून इतक्या लांब, तान्ह्या पोरीला पदराखाली धरून. पोर गोरी आहे, नाक तुझं आहे. पण डाव्या हाताला सहावं बोट! सगुणाची आई एक अडाणी. बाळंतपण तिच्याकडे झालं, तर भाग्याचं बोट म्हणून गावभर दाखवत फिरली. आता झाकणार कसं?

मी त्यांना पडवीत चढू दिलं नाही. शेजारणी कुंपणापाशी होत्याच. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या कुलात असलं कधी झालेलं नाय. ही पोर कोनाची, ते तुमच्या भैनीलाच इचारा."

भाऊ रडला. ती रडली नाही. म्हणाली, "त्यांच्या करंगळीपाशी वण हाय, तो मी पाह्यलाय. तुमचा पन हात दाखवा."

मी हात पदराखाली घेतला आणि दार लावलं. पोर भुकेने कळवळत होती. वाईट वाटलं रे, पण दार उघडलं नाही.

तुला लहानपणी खाडीत खेकडे धरताना कुरली चावली, असं मी सांगत आले. तूही तेच सांग. तू जन्मलास माझ्या माहेरी. माझ्या आईने तुझ्या जादा बोटाला घोड्याच्या शेपटीचा केस करकचून बांधला. बारशाआधी ते काळं पडून गळलं. माझंही तिनेच तसं गाळलं होतं. तुझे बाबा जाईपर्यंत त्यांना कळलं नाही.

सगुणाचं पत्र आलं तर फोडू नकोस. तिला टाकली, एवढं मला लिहून पाठव. दाभोळची मैना म्हणून एक मुलगी मी तुझ्यासाठी हेरली आहे. शिमग्याला ये. मुलगी पाहताना डावा हात खिशात असू दे.

मैनेला बाळंतपणाला माहेरी पाठवायची नाही. सुईणही नको, मीच करीन. टांगेवाल्याकडून केस आणून देवघरात ठेवला आहे.

तुझ्या दहा बोटांना जपणारी,
आई