डेअरीआधीचा एक पेला

मी, रंगनाथ तुकाराम लवांडे, वय ७४, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, राहणार तिसगाव, ता. पाथर्डी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी मनकर्णा हिला. त्यात कोणी हिस्सा मागू नये.

२. गट नं. २१७ मधील पाच एकर रान व दोन्ही गाई मुलगा सुनील याला, कलम ६ मधील अटीवर. रान चुनखडीचे आहे म्हणून त्याने नाक मुरडू नये. त्या पांढऱ्या खड्यांतले कॅल्शियम गाईंच्या लसूणघासात उतरते, घासातून गाईत, गाईतून दुधात, आणि रोज सकाळी डेअरीच्या टेम्पोत बसून शहरात जाते. तिकडच्या कितीतरी पोरांची हाडे आमच्या मातीची आहेत. त्यांना ते माहीत असण्याचे कारण नाही.

३. थर्मामीटर, सुया व सलाइनचा संच नात ज्ञानेश्वरी हिला. ती जनावरांच्या डॉक्टरकीचे शिकते. व्यालेल्या गाईचे कॅल्शियम एकदम दुधात जाते, हाडांतून तेवढे लवकर निघत नाही, मग गाय मान पोटाकडे वळवून बसते. बाटली शिरेतून हळू सोडावी. घाई केली तर काळीज बंद पडते.

४. शेजारी कल्याण याची गाय २००९ साली अशीच बसली होती. मी बाटली लावून हात धुवायला गेलो, तेवढ्यात याने नळीचे चाक पूर्ण उघडले. गाय गेली. "रंगनाथनं गाय मारली," असे हा बाजारभर सांगत फिरला. मी सोळा वर्षे गप्प राहिलो, आता राहत नाही. आज तो साक्षीदार म्हणून समोर बसला आहे. हे कलम त्याने दोनदा वाचले आणि चष्मा पुसला. माझ्याकडून विषय संपला.

५. माझ्या अस्थी पैठणला नेऊ नयेत. घासाच्या वाफ्यात मिसळाव्यात. रानातून आयुष्यभर उचलले, त्यातले थोडे तरी परत जाईल.

६. आता अट. नोकरीत मी शेकडो गाई उठवल्या. कुठे गाय बसली म्हटले की ताटावरून उठून जायचो. घरात मनकर्णेने चार बाळंतपणे काढली, पोरांना अंगावर पाजले, आणि चाळीस वर्षे कोरा चहा प्याली. दूध नको का विचारले तर म्हणायची, "मला वास येतो त्याचा." मला ते खरे वाटले, कारण ते सोयीचे होते.

मागच्या दिवाळीत ती उंबऱ्यात नुसती घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. नगरच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. हाडे आतून विरळ झालेली. ते मला समजावून सांगत होते, आणि त्यातला शब्द न् शब्द मला पाठ होता. मला त्या खोलीत शरम वाटली. घरी आल्यावर पुन्हा विचारले. ती म्हणाली, "माहेरी लई आवडायचं. हितं डेअरीचं माप भरायचं न्हाई."

म्हणून डेअरीचे कॅन भरण्याआधी एक पेला दूध मनकर्णेला, रोज, ती हयात असेपर्यंत. सुनील वाईट नाही, माझ्यासारखा आहे, म्हणून हे लिहून ठेवावे लागते. अट मोडल्यास रान व गाई मनकर्णेच्या नावे व्हाव्यात. देखरेख ज्ञानेश्वरीची.

७. वरील मजकूर मनकर्णेला वाचून दाखवला. ती वॉकर धरून उभी होती. म्हणाली, "हे समदं तुमी गेल्यावर व्हय? मग तवर कोरा चहाच का?"

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. सबब कलम ६ आजपासून लागू. सही थांबवून मी चुलीपाशी गेलो.

स्थळ: तिसगाव, जि. अहिल्यानगर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
(सही) रंगनाथ तुकाराम लवांडे

लिहून देणाऱ्याने आमच्या समक्ष सही केली, व आम्ही त्याच्या समक्ष. पेला रिकामा झालेलाही आम्ही पाहिला.

साक्षीदार:
१. (सही) कल्याण भाऊसाहेब लवांडे
२. (सही) दीपा चेतन साळवे, आरोग्यसेविका