खिडकीवर वाळणारे ऑइलचे डाग

प्रिय हेकट मुला,

फोन करायचा सोडून आई पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोन घेतला की तुझे बाबा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून कान माझ्याकडे लावतात, आणि तुझा विषय निघाला की पान उलटल्याचा मोठा आवाज करतात. तिकडे तू ‘बाबा बरे आहेत ना’ एवढं विचारून मोकळा होतोस. गाडीचं ऑइल किती दिवसांनी बदलायचं, यावरून बाप-लेकात इतक्या महिन्यांचा अबोला. कुणाला सांगायचीही सोय नाही. शेजारीण विचारते, मुलाशी काय बिनसलंय, तर मी काय सांगू, ऑइल?

मी त्यांना पाठीशी घालत नाहीये. लग्नापासून त्यांचं हे ऑइलपुराण ऐकते आहे. रविवारी सकाळी बॉनेट उघडायचं, ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढायची, तिच्या टोकाचा थेंब कागदावर टिपायचा आणि तो कागद माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवून वाळवायचा. मधला डाग काळा पडला की ऑइल खराब झालं म्हणे. पाहुणे विचारतात, हे काय, नातवाची चित्रं का? मी हो म्हणून टाकते. पट्टी पुसलेलं फडकं एकदा त्यांनी धुण्यात टाकलं आणि तुझे शाळेचे शर्ट वर्षभर ढगाळ दिसत होते, आठवतंय ना?

पण तूही काही कमी नाहीस. गाडीच्या पुस्तकात वर्षातून एकदा असं लिहिलंय, हे तू त्यांना शंभरदा ऐकवलंस; ठीक. पुस्तक लिहिणारा आपल्या घराकडचा चढ चढायला येणार आहे का, असं ते म्हणाले. तेही ठीक, तुमचं चालूच असतं. पण मागच्या वेळी तू त्यांच्या नकळत मेकॅनिकला फोन करून ऑइल बदलणं रद्द केलंस, ते कशाला? हे गाडी घेऊन गॅरेजच्या दारात उभे, आणि मेकॅनिक चारचौघांत सांगतो की तुमच्या मुलाने नको म्हटलंय. स्वतःच्या गाडीला मुलाची परवानगी. ते तसेच परत आले आणि जेवलेही नाहीत.

परवा वैतागून मी ते पुस्तक स्वतःच वाचलं. साध्या वापराला वर्षातून एकदा, हे बरोबर. पण पान उलटलं की लिहिलंय, गाडी रोज थोडंच अंतर जात असेल, इंजिन नीट तापत नसेल, तर त्याच्या निम्म्या काळात बदला. आमची गाडी भाजी आणि दवाखाना यापलीकडे जाते कुठे? म्हणजे तू अर्धा बरोबर, आणि दर तीन महिन्यांनी बदलणारे तुझे बाबाही अर्धेच. इतकं भांडलात, पण पान उलटायचं एकालाही सुचलं नाही. धन्य आहात.

‘जाते कुठे’ असं लिहिलं खरं, पण गाडी आता कुठेच जात नाही. तुला सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे, ती आज मोडते. तुमच्या या अबोल्यातच त्यांच्या उजव्या डोळ्याला समोरचं दिसेनासं झालं, आणि डावाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आहे. वर्तमानपत्र ते नुसतंच धरून बसतात. खिडकीवरचे कागदही गेले, कारण डाग काळा की करडा ते त्यांना कळत नाही, आणि मला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

काल मेकॅनिकचा फोन आला, ऑइल बदलायचं का विचारायला. आता व्याख्यान सुरू होणार म्हणून मी उठून जायला निघाले, तर ते हळूच म्हणाले, “मुलाला विचारा. तो म्हणेल तसं करा.” आणि फोन ठेवला. आयुष्यभर या माणसाच्या हट्टाला मी कंटाळले, पण काल मला भीती वाटली. म्हणून हे पत्र. ये. माफी मागू नकोस, डोळ्यांचं नाव काढू नकोस, त्यांना ते सोसणार नाही. रविवारी सकाळी बॉनेट उघड, कागदावर थेंब घे, आणि मोठ्याने सांग की हे ऑइल अजून वर्षभर चालेल. मग ते तुला काय काय ऐकवतात, ते मला स्वयंपाकघरातून ऐकायचं आहे.

तुझीच,
तुम्हा दोघांना वैतागलेली आई