काढून घेतलेला कपॅसिटर

गोविंदा,

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाबा जुनी मोटारसायकल घेऊन एकटेच वरवट बकालला निघाले. तिथल्या अब्दुल गनीचाचांना हॉर्न ऐकवायचा आहे, असं आईला सांगून गेले.

हॉर्न वाजणार नाही. बॅटरीऐवजी तू त्याला जोडलेला कपॅसिटर काल संध्याकाळी मी काढला. दिवा थेट इंजिनाच्या मॅग्नेटोवर आहे, त्याच्या विजेवर तो लागेल.

चार महिने मी त्या वायरिंगशी झटलो, तेव्हा कुठे दिवा लागला. तू एका दुपारात हॉर्न वाजवलास आणि बाबा गल्लीदेखत म्हणाले, "भागवतले पेपरातच लिहू द्या. हात चालते ते माह्या गोविंदाचे!" मला ते सोसलं नाही. आज चारचौघांत तू बटण दाबावंस आणि हॉर्न गप्प राहावा, एवढंच मनात होतं. बाबाच गाडी काढतील, हे सुचलं नाही.

रस्त्यावर कापसाच्या गाड्या आहेत, आणि बाबा हॉर्नच्या भरवशावर चालवतात. मी तुझी स्कूटर घेऊन मागे जातो. तुझा फोन चार्जिंगला घरीच आहे. शेतातून आलास की लगेच मला फोन लाव. ते दुसऱ्या वाटेने परतले तर आधी किल्ली काढून घे.

बाबांना थांबव, असं फाट्यावरच्या टपरीवाल्या अकरमला कळवून मी इतका वेळ थांबलो होतो; पावणेसातला त्याचा फोन आला. त्याने हात दाखवला, पण बाबा थांबले नाहीत.

भागवत