चौसष्ट कार्डं

१४ मार्च

भावोजी,

नमस्कार. तुमची खुशाली विचारत नाही. ती प्रश्नमंजूषा क्लबच्या पत्रकात, जिंकलेल्या ढालीसह छापून आली आहे. स्पर्धेतल्या नव्या जोडीदाराबद्दल अभिनंदन. ह्यांना जाऊन महिना व्हायच्या आत मिळाला, म्हणजे तुमचं बरं चाललं आहे.

मी ठीक आहे. पुन्हा ऑफिसला जाऊ लागले. ह्यांचं टायरचं दुकान कारागिराने पुन्हा उघडलं.

तुमचा निरोप मिळाला. ह्यांच्या स्मरणार्थ रविवारी प्रश्नमंजूषा ठेवली आहे आणि त्यासाठी ह्यांची कार्डांची पेटी हवी आहे. मोटार शर्यती आणि फुटबॉल मिळून तीनशे बारा कार्डं, पुढे प्रश्न, मागे उत्तर. अंत्यविधीच्या दिवशीही तुम्ही चपला काढता काढता हेच विचारलं होतंत, "वहिनी, पेटी नीट आहे ना?" मी नीट आहे का, हे विचारायचं राहून गेलं असेल.

खरं सांगायचं तर ह्या विद्येबद्दल मला कधीच आदर नव्हता. चोरीला गेलेला विश्वचषक एका कुत्र्याने शोधून काढला, हे ठाऊक असून कुणाचं काय भलं झालं? कुत्र्याला तरी शाबासकी मिळाली. दोन बाप्ये, एक पंक्चर काढणारा आणि एक चष्मे विकणारा, दर गुरुवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर परदेशातल्या शर्यतींच्या सालांवरून हमरीतुमरीवर यायचे. दोघांत मिळून एक स्कूटर.

पेटी देता येणार नाही. कारण सांगते.

हॉस्पिटलात तुम्ही एकदाच आलात. अकरा मिनिटं होतात. आजार मेंदूत आहे, हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं. तरी विचारलंत, "काय गुरू, पहिला फुटबॉल विश्वचषक कुठे झाला?" हे म्हणाले, "इटली." तुम्ही हसलात. "अरे, उरुग्वे! हे तर शेंबडं पोरही सांगेल." तुम्ही गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मला रोज पेटी घेऊन बसवायचे. उत्तर दिलं की कार्ड उलटून दाखवायचं. तोंडी 'बरोबर' चालायचं नाही, तुम्हा दोघांचाच तो नियम. कार्ड उलटलं की चेहरा पडायचा. मोटार शर्यतींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा एकोणीसशे पन्नासला सुरू झाली. हे सत्तावन्न म्हणाले, आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत.

ऑफिसात मी नकाशांच्या प्रती काढते. दुसऱ्याचं अक्षर हुबेहूब उतरवणं हे माझं रोजचं काम. ह्यांचं चुकलेलं उत्तर मी लक्षात ठेवायचे, जेवणाच्या सुट्टीत तेच नव्या कार्डावर ह्यांच्या अक्षरात लिहायचे आणि जुनं कार्ड फाडायचे. एक बरं होतं, चूक रोज तीच व्हायची. आता पेटीत इटली आहे, सत्तावन्न आहे, चषक एका माळ्याला सापडला आहे. अशी चौसष्ट कार्डं. शेवटच्या आठवड्यात ह्यांचं एकही उत्तर चुकलं नाही.

एकदा कार्डावरून अंगठा फिरवत म्हणाले, "आजारपणात माझं अक्षर सुधारलं की गं."

मी पुढचा प्रश्न विचारला.

तुमचा राग आहेच. पण तुम्ही एकदाच हसलात. मी एकोणीस वर्षं हसले. गुरुवारी चहाचे कप आदळून आत निघून जायचे, हे तुम्ही पाहिलं आहे. हॉस्पिटलात पहिल्या दिवशी मी कार्ड हातात घेऊन प्रश्न विचारला, तेव्हा हे उशी सोडून, कुणाचा हात न धरता उठून बसले. एवढंच लागत होतं.

रविवारी प्रश्न तुमचे तुम्ही काढा. फलकावर ह्यांचं नाव घालू नका. समोरचं कुणी 'इटली' म्हणालं तर तुम्ही हसाल, आणि मला ते घरी बसून ऐकू येईल.

शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. माझ्याने लिहवत नाही.

ह्यांची बायको